शेवटची फेरी

बाबांची छोटी, वेगवान गाडी देऊन नवी घ्यायची, हे माझं रोज ठरत होतं आणि रोज मोडत होतं.

"ताई, म्हातारी झाली तरी हिच्या खोडी जात नाहीत. काढून टाका," मेकॅनिक म्हणाला.

शेवटी शोरूमला होकार कळवला. गाडी सोडायला निघाले तेव्हा आईही शेजारी येऊन बसली. बाबा गेल्यापासून ती जेमतेम बोलायची. वळणावर, का कोण जाणे, मी बाबांसारखाच गिअर खाली घेतला आणि ॲक्सिलरेटर दाबला. गाडी उसळली. आईने डोळे गच्च मिटले.

"अहो, हळू! जीव घेताय का माझा?"

आणि मिटल्या डोळ्यांनी ती हसली.

शोरूम मागे पडलं. तिने डोळे उघडू नयेत, म्हणून पुढच्या वळणावरही मी वेग कमी केला नाही.