डाव्या बाजूची चाकं

"रस्ता खराब, रस्ता खराब. किती दिवस त्या बिचाऱ्या रस्त्यावर ढकलायचं," गाडीखालून मास्टर सारपाँग स्वतःशीच पुटपुटला.

आफ्रिये अगदी जवळ उभी होती. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. घानातल्या कुमासी शहरातल्या फिटर लोकांची कुरकुर नीट ऐकून घ्यावी, उत्तर मात्र देऊ नये, एवढं ती गाडी चालवायला लागल्यापासून शिकली होती.

सकाळी शाळेची मुलं गाडीत कोंबलेली असताना उतारावर मागचं डावं चाक डुगडुगायला लागलं. तिने गाडी कडेला घेतली. चाकाचे नट बोटांनी फिरत होते. पुढच्या डाव्या चाकाची तीच गत. मुलं गाणी म्हणत होती, त्यांना काही कळलं नाही.

आणि ही पहिली वेळ नव्हती. पावसाळ्यातही असंच झालं होतं. तेव्हाही डावीच बाजू, आणि तेव्हाही सारपाँग म्हणाला होता, रस्ता खराब.

सारपाँगने चाक जॅकवर उचललं, दोन्ही हातांनी वर-खाली हलवून पाहिलं, मग गरकन फिरवून कान लावला. बेअरिंग ठणठणीत होतं. टायर सारखा झिजलेला. चाकाची भोकं तेवढी सैल नटांनी खाऊन लांबट झाली होती. उजवीकडचे नट सोडायला मात्र त्याला पान्यावर पाय देऊन उभं राहावं लागलं.

"मास्टर, रस्ता काय फक्त डावीकडेच खराब आहे?"

"पोरी, नट काही बोलत नाहीत." त्याने बाकाकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

बाकावर तिचे वडील बसले होते. त्यांना घरी एकटं ठेवणं आता जमत नसे, म्हणून ती त्यांना बरोबर घेऊन फिरायची. भाजलेलं केळं आणि शेंगदाणे खात पापा मजेत होते. लॉरी सोडून वर्षं झाली, तरी त्यांच्या नखांतलं काळं काही जात नव्हतं. त्यांच्या त्या बेडफर्ड लॉरीवर सारपाँग तरुणपणी मदतनीस होता. समोरच्या भाजलेलं केळं विकणाऱ्या बाईला ते त्याचीच गोष्ट सांगत होते: बेडफर्डला डाव्या बाजूला उलटे आटे असायचे, तिचे नट उलटे आवळायला लागायचे, आणि या गाढवाने सुलट्या दिशेला जोर लावून पहिल्याच आठवड्यात दोन बोल्ट मोडले. बाईने ही गोष्ट किती वेळा ऐकली असेल कोण जाणे, पण हसली.

सारपाँग हसला नाही. तो मान खाली घालून डाव्या चाकांचे नट आवळत राहिला.

हा काहीतरी लपवतोय, आफ्रियेच्या मनात आलं. आणि कुणासाठी, तेही तिला ठाऊक होतं.

बादू तिचा सावत्र भाऊ, राहायला एकाच अंगणात. पापांनी लॉरी विकून ही गाडी घेतली आणि मुलाला न देता मुलीच्या हातात किल्ली ठेवली. बादू तेव्हा एक शब्द बोलला नाही. न बोलणाऱ्या माणसाचंच तिला भय वाटायचं. गेल्या आठवड्यात पहाटे ती पाणी भरायला बाहेर आली, तर हा डाव्या चाकाशी उकिडवा बसलेला, हातात पापांचा जुना पाना. तिला पाहताच त्याने पाना पाठीमागे नेला. तो गेल्यावर तिने नट हलवून पाहिले. घट्ट होते. आपण वेळेवर आलो, असं म्हणून तिने देवाचे आभार मानले होते.

मग शुक्रवारी बादू गावी मयताच्या कार्याला गेला, आणि तो परत यायच्या आत चाकं निखळायला आली. जाता जाता काम उरकून गेला असणार. आज त्याची पेटी अंगणाबाहेर काढायची, हे तिचं ठरलं होतं. म्हणूनच तिने त्याला फोन करून सरळ इथे बोलावलं होतं.

तो आला, काखेत मयताच्या कार्याला पांघरायचं काळं कापड गुंडाळलेलं. आधी त्याने गाडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मुलांना लागलं का कुणाला?"

"लागलं नाही, म्हणून वाईट वाटतंय? पहाटे पाना घेऊन माझ्या चाकाशी काय करत होतास?"

"चाक बघत होतो."

"पाना पाठीमागे लपवून?"

बादूने सारपाँगकडे पाहिलं, सारपाँगने जमिनीकडे.

"पोरी, राहू दे," सारपाँग म्हणाला. "मी नट बदलून देतो."

"म्हणजे तुम्हीही सामील. माझ्या गाडीत लोकांची लेकरं असतात, मास्टर. हा आज माझ्या घरात झोपणार नाही."

बाक करकरला. पापा उठले होते. हातातली सालं त्यांनी नीट कागदात गुंडाळली आणि कुणाला काही न विचारता सारपाँगच्या हातातला पाना काढून घेतला.

"भावाशी भांडू नये," ते म्हणाले. "चाकांची काळजी तुला कशाला? मी आहे ना. तू उठायच्या आत रोज आवळून ठेवतो. या सारपाँगचा हात पहिल्यापासून हलका."

नुकत्याच आवळलेल्या डाव्या चाकापुढे ते बसले. नटावर पाना बसवला, सगळ्या अंगाचा भार टाकला आणि डावीकडे ओढला. कच्चकन आवाज झाला, नट सैल झाला. पापा समाधानाने हसले आणि पुढच्या नटाकडे वळले.

मग बादू त्यांच्या शेजारी उकिडवा बसला आणि पान्यावरच्या त्यांच्या हातावर त्याने आपला हात ठेवला.

"ही बेडफर्ड नाही, पापा," तो म्हणाला. "तुम्ही आत गेलात की रोज मी येऊन परत आवळतो."