सगळ्या किल्ल्या हजर

गाडीच्या बॅटरीची काळी वायर सोडवून लेकीने तिचं टोक फडक्यात गुंडाळलं, तसे मागे उभे असलेले बाबा एक पाऊल मागे सरले. करंट लागेल का, हे त्यांचं विचारून झालं होतं. बारा व्होल्टने मुंगीही मरत नाही, हे तिचं सांगून झालं होतं. वर्षभरात बापलेकीत झालेलं सगळ्यात लांब बोलणं ते एवढंच.

बाबांचं चष्म्याचं दुकान. लेकीने ते पुढे चालवावं, अशी त्यांची फार इच्छा. आणि लेकीने काय केलं, तर गाड्यांचं वायरिंग शिकायला दूर गावचं गॅरेज धरलं. "जा, हात काळे करून चार दिवसांत परत येशील," असं बाबा बोलून गेले आणि लेक निघून गेली. रागाच्या भरात गाडीची दुसरी किल्लीही तिच्या पिशवीतून गेली. तिने ती परत पाठवली नाही, त्यांनी मागितली नाही. बाप तशी लेक. पडतं कोण घेणार?

मग गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. गाडी दारात उभ्या उभ्या बंद पडली होती. बाबांचं म्हणणं, इंजिनचा कॉम्प्युटर गेला. तो बदलताना घरातल्या सगळ्या किल्ल्या हजर लागतात म्हणे. जी नसेल तिला नवा कॉम्प्युटर पुढे ओळखतच नाही. तेव्हा किल्ली घेऊन ये.

लेकीला नवल वाटलं. बोनेट कुठून उघडतं हे ज्यांना धड ठाऊक नव्हतं, त्या बाबांना हे शहाणपण कुठून सुचलं? पण गोष्ट खरी होती. तिने गॅरेजच्या मालकांकडून तसलाच एक कॉम्प्युटर मागून आणला आणि बस धरली. जिवाला घोर मात्र होता. आज गाडी सुरू झाली नाही तर बाबांचे शब्द खरे ठरणार होते, आणि मग या घरात तिला मान खाली घालूनच यावं लागणार होतं.

तिने डॅशबोर्डखालचा खण काढला आणि सीटवर आडवी होऊन हात आत घातला. तेवढ्यात आई चहा घेऊन आली आणि नवऱ्याचं गाऱ्हाणं सांगत बसली. चष्म्याचे स्क्रू पिळायचा त्यांचा तो लाल मुठीचा बारीक स्क्रूड्रायव्हर हरवलाय. आठवडाभर घर डोक्यावर घेतलंय, दुकानात गिऱ्हाइकं खोळंबलीत. बाबा म्हणाले, तिला काम करू दे, तुझं पुराण नंतर सांग.

आत लेकीचा हात थांबला. मग ती आत काहीतरी चाचपडू लागली.

"जमत नाहीये का?" बाबांनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. काळजीच होती.

"जमतंय," ती म्हणाली. "तुम्ही जरा टॉर्च धरा."

बाबा गुडघे धरत धरत शेजारी वाकले. टॉर्चचा उजेड कधी तिच्या कानावर, कधी छतावर. कॉम्प्युटरचं जुनं खोकं निघालं, नवं त्याच जागी बसलं. प्लग लावताना तिने त्यांना मुद्दाम दाखवलं, हा खटका पूर्ण दाबायचा. अर्धवट राहिला तर गाडी मेल्यासारखी पडून राहते. बाबांनी शाळकरी पोरासारखी मान डोलावली.

तिने वायर पुन्हा जोडली, नव्या कॉम्प्युटरला किल्ल्यांची ओळख करून द्यायचं गॅरेजमधून आणलेलं यंत्र लावलं. आधी बाबांची किल्ली फिरवली. समोरचा दिवा लुकलुकला आणि विझला, म्हणजे ओळख पटली. मग तिने पिशवीतून आपली किल्ली काढली. त्या किल्लीला अजून बाबांच्या दुकानाचा बिल्ला लटकत होता. बाबांनी तो पाहिला आणि उगाचच दुसरीकडे बघितलं. याही किल्लीला दिवा लुकलुकून विझला.

लेकीने स्टार्टर मारला. इंजिन खोकलं, थांबलं, आणि दुसऱ्या खेपेला छान सुरू झालं.

बाबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला. चष्मा स्वच्छच होता.

"हात काळे झाले खरे," ते म्हणाले, "पण हाताला गुण आहे हो तुझ्या."

याच वाक्यासाठी ती वर्षभर झुरली होती. तिला हसू आणि रडू एकदमच आलं. आईने विचारलं, त्या जुन्याला झालं तरी काय होतं? आतून पार जळलाय, लेकीने सांगून टाकलं, बदलला ते बरंच केलं. बाबांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

आई कप घेऊन आत गेली. लेकीने हात पुसले, खिशातून लाल मुठीचा बारीक स्क्रूड्रायव्हर काढला आणि हळूच बाबांच्या खिशात सोडला.

"त्या कॉम्प्युटरच्या मागे पडला होता," ती म्हणाली. "पुढच्या वेळी गाडी नका बंद पाडू, बाबा. नुसती हाक मारा."