फाटकाजवळची मोकळी जागा

"वाफ्यात पाय ठेवू नकोस," व्हर्ना म्हणाली. "माती भुसभुशीत आहे."

डॅरिल फाटकापाशीच थांबला. पर्थहून पाच तास गाडी हाकून तो आईच्या वाफ्याचा निकाल लावायला आला होता. गेल्या वर्षी ती अंगणात पडली, तेव्हाच मायलेकांचं ठरलं होतं. यंदा वाफा नेहमीसारखा फुलला तर तिने इथेच राहायचं, नाहीतर मुकाट्याने त्याच्या घरी यायचं.

आणि वाफा फुलला होता. गुलाबी-पांढरी कागदी डेझी, पाकळ्या कागदासारख्या कोरड्या, नुसती दाटीवाटी. पानं तेवढी दिसत नव्हती. पाऊस कमी झाला, असं ती म्हणाली. फाटकाजवळ हातभर जागा मोकळी होती. तिथली रोपं म्हणे गोगलगायींनी खाल्ली.

संध्याकाळी रिमझिम आली तशी फुलं मिटली. व्हर्ना मात्र जेवताना खुलली. मे महिन्यात वाळू कशी चाळली, बिया रुजाव्यात म्हणून त्यांना धुराचं पाणी कसं पाजलं, खताचा कणही कसा पडू दिला नाही, सगळं साग्रसंगीत सांगून झालं. बाबा असते तर दरवर्षीसारखी फुलांची पहिली जुडी वाळायला शेडच्या वाशाला टांगली असती, वर्षाची चिठ्ठी लावून, असंही म्हणाली.

डॅरिलचं मन मानत नव्हतं. उठताना जिचा हात भिंत शोधतो, तिने हे सगळं एकटीने केलं?

सकाळी तो चहा घेऊन ओसरीवर बसला. ऊन कुंपणावरून वाफ्यात उतरलं आणि फुलं एकेक करून उमलू लागली, अगदी सावकाश. तो लहानपणासारखा बघत राहिला. पावसात मिटतं आणि उन्हात उमलतं ते जिवंत, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्याला फार बरं वाटलं.

"जिंकलीस, आई. राहा इथेच."

"मी कुठे निघाले होते?" ती म्हणाली. आणि ती किटली घेऊन आत गेली.

निघताना गाडीच्या एका चाकात हवा कमी दिसली. पंप शेडमध्ये होता. "थांब, मी आणते," व्हर्ना स्वयंपाकघरातून म्हणाली, पण तो केव्हाच गेला होता.

शेडच्या वाशाला ओळीने दोरे लोंबत होते. चाळीसएक रिकामे दोरे. शेवटच्या दोऱ्याला तेवढी एक जुडी होती. चिठ्ठीवर बाबांच्या अक्षरात त्याच्या जन्माचं वर्ष. रात्रीच्या ओलीने तिची फुलं घट्ट मिटली होती.

त्याने ती सोडवली, गाडीच्या टपावर उन्हात ठेवली आणि चाकात हवा भरायला बसला. उठून पाहिलं तर इतक्या वर्षांची वाळकी जुडी पूर्ण उमलली होती.

आत आई त्याच्यासाठी डबा भरत होती. डॅरिलने जुडीचा दोरा तोडला, गुडघ्यांवर बसला आणि एकेक काडी रोवत फाटकाजवळची मोकळी जागा भरून काढली.