खिशातली साल

बायकोच्या गाठीच्या स्कॅनसाठी सावद्याहून निघालो आणि एसटीत तिला चक्कर आली. डॉक्टरांनी पाण्याशिवाय काही नको म्हणून बजावलं होतं, पण मी पिशवीतलं केळं सोलून तिला दिलं, साल खिशात ठेवली. “अगं, एकादशीलाही चालतं. हे तर आपल्याच मळ्यातलं.” जळगावला नर्सनं बोट टोचलं, साखर मोजली, कपाळाला हात लावला. “जिवंत गाठ आम्ही टोचलेली साखर खाते, फोटोत चमकते, मेलेली चमकत नाही. केमोनं गाठ मरतेय का, ते आज कळणार होतं. आता रक्तात खाल्लेली साखर वाढलीय, फोटोवर भरवसा नाही, आठवड्यानं या. तोवर डोस बंद. काय खाल्लं?” मी खिशातली साल मुठीत दाबली. बायको म्हणाली, “मीच केळं खाल्लं, ताई. राहवलं नाही.” नर्स तिलाच रागावली. बाहेर आल्यावर बायकोनं माझ्या खिशातली काळवंडलेली साल गाईपुढे टाकली. “पुढच्या वेळी पिशवी मी भरीन.”