विहिरीवरलं मागणं

गावकीतल्या देवरामने रंगूच्या पोहऱ्याच्या दोरावर पाय ठेवला.

"गावकीत ठरलंय. येशूचं सोडलं म्हन, मग पानी भर."

विहिरीवरच्या बाया थबकल्या. उंबरमाळी गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या पाड्यात प्रार्थनेला जाणारी चार-पाच घरं होती. गावकीने प्रार्थनेची झोपडी मोडली, शहापूरहून येणारा पास्टर यायचा थांबला आणि एकेक घर मुकाट मागं फिरलं. एकटी रंगू तेवढी उरली.

"बोल की! नायतर कर तुजी प्रार्थना. बगू तुजा देव पानी देतो का."

रंगूने हंडा खाली ठेवला. पदर डोक्यावर घेतला. आजवर मोठ्याने प्रार्थना करायची ती पास्टरने. तिने नुसतं आमेन म्हणायचं. आपल्याला पुस्तकातली भाषा येत नाही, आपलं बोलणं देवाला काय कळणार, असंच तिला वाटत आलेलं. आता मधे कुणीच नव्हतं.

ती मोठ्याने म्हणाली, "देवा, मी रंगू. पानी नाय मागत मी. ते नदीच्या झऱ्याला हाय. देवरामच्या सुनेला काल शहापूरला नेली. पोटात पोर आडवं हाय म्हनतात. तिला सोडव. दोगांना जिती घरी आन. आनि या मानसाला माजी येवडी भीती का वाटते, ते त्याचं त्याला कळू दे. आमेन."

देवरामचा चेहरा लालबुंद झाला.

"तुला कुनी सांगितलं गो माज्या सुनेसाठी मागायला?"

"कुनाला इचारलं नाय मी."

दोरावरचा पाय त्याने काढला नाही. रंगूने पोहरा तिथंच सोडला, रिकामा हंडा डोक्यावर घेतला आणि ती नदीची वाट उतरू लागली. मान ताठ होती.

करवंदीच्या जाळीपाशी मागून पावलं वाजली. देवरामची बायको, मंगळी. धापा टाकत ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "रंगू, दुपारी पोरीचं आपरेशन हाय. तवा परत म्हनशील? झऱ्यावरच म्हन. कुनाला कळायचं नाय."

रंगूने तिच्याकडे पाहिलं.

"म्हनीन. पन झऱ्यावर नाय. तितंच इहिरीवर येऊन म्हनीन, समद्यांदेखत. तू बी ये."