वाणाचं ऊन

रथसप्तमी उजाडली तरी आभाळ झाकलेलंच. मृदुलानं सौरबागेत वर्गणी भरून घेतलेल्या सौरपट्ट्यांच्या वाफ्याचं साठवलेलं ऊन, म्हणजे घरची वीज, काल संपलं, तरी सासूबाईंचं श्वासाचं यंत्र चालूच होतं. घरोघरच्या हळदीकुंकवांत बायकांनी वाण म्हणून दिलेलं तासातासाचं ऊन असेल, असं तिला वाटलं. पण मीटरवर एकच नाव उमटलं होतं : यमुना धोत्रे. शेजारच्या यमुनाताई. विधवा म्हणून मृदुलानं त्यांना आपल्या हळदीकुंकवाला बोलावलंच नव्हतं.

ती धावत गेली. बंद मिक्सरशेजारी यमुनाताई पाट्यावर चटणी वाटत होत्या.

"ताई, सगळंच ऊन दिलंत?"

"अगं, एकटीला कितीसं लागतं?"

मृदुलाची मान वर होईना. यमुनाताईंनी वरवंटा थांबवला.

"आधी विचारायला हवं होतं मी. सासूबाईंना चालेल ना गं, माझ्या हातचं?"