कालचं आपणहून छापत नाही

“हे आपणहून फक्त आजचं अन् उद्याचं छापतं. काल राहिलेलं खोदून विचारावं लागतं, लक्षात ठेव,” लॅपटॉपवर कॅलेंडरची फाइल करून देताना विश्वजीतनं बायकोला बजावलं होतं.

“काल कुणाला लागतोय?” म्हणून अपेक्षा हसली होती.

फोनवर आठवणीची घंटा वाजली की मांडीवरची तान्ही श्रेया दचकून उठायची. त्यापेक्षा हे बिनआवाजाचं बरं. फाइलमध्ये तारीख लिहायची, पुढं काम लिहायचं. सकाळी लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत एक शब्द टाइप केला, की जवळची कामं ओळीनं हजर.

आज श्रेयाचा ताप उतरला होता. तापाच्या दिवसांत लॅपटॉप बंदच होता. अपेक्षानं तिला खांद्यावर टाकलं, एका हातानं लॅपटॉप उघडला आणि तो शब्द टाइप केला. आज, गॅसचा नंबर लावणे. उद्या, ऑफिसची मीटिंग. बस, एवढंच. तिला हायसं वाटलं. लेकराच्या दुखण्यात काही राहून गेलं नव्हतं.

तेवढ्यात फोन थरथरला.

“अपेक्षाताई, खंडेराव बोलतोय. गंगापूरचा, काळी-पिवळी जीपवाला. आप्पासाहेबांचं आपरेशन कामून पुढं ढकललं वो?”

“कसलं ऑपरेशन?”

“घ्या! तुमच्या वडलांचं इचारायलो, ताई. परवा माझ्याच गाडीत वापस आले की. म्हणलं, डोळ्याला पट्टी कुठंय? तर म्हणले, लेक आल्याबिगर सही कोण करील, अन् सहीबिगर डाक्टर हात लावत नाय. उपाशीपोटी बोलावलं व्हतं वो त्यायला. दुपारपस्तोर तुमच्या तिथल्या स्टँडावरच बसलेले. एक डोळा तर गेलाच हाय, आता ह्यो बी...”

पुढचं तिला ऐकू आलं नाही.

परवा सकाळी आप्पांचा फोन आला होता. श्रेया रडून लालभडक झाली होती. “आप्पा, हिला ताप आहे, नंतर करते,” एवढं बोलून तिनं फोन ठेवला होता. “बरं, तिला बघ,” आप्पा म्हणाले होते. त्यांच्या मागं भोंगा ओरडत होता, वैजापूरकडं जाणारी गाडी फलाटावर लागली आहे म्हणून. तिनं तो ऐकलाही होता. आप्पा बाजाराला निघाले असतील, असं वाटलं होतं तिला.

अपेक्षानं परवाची तारीख घालून तोच शब्द पुन्हा टाइप केला. कॅलेंडरनं काहीही कुरकुर न करता छापलं: आप्पांचा डोळा. सकाळी स्टँडवर घ्यायला जाणे. सही.

तिनं आप्पांना फोन लावला.

“स्टँडवरून बोलताय हे सांगितलं का नाही आप्पा?”

“तू म्हणलीस ना, ताप हाय.”

“अहो, एक शब्द तर बोलायचा! रिक्षानं आले असते मी.”

“लेकरू टाकून? अन् लेकीच्या सासरी कितीदा सांगायचं, बाई? एकदा सांगून ठेवलं व्हतं.” मग आवाज मऊ झाला. “उतरला का गं तिचा?”

“उतरला. मी दुसरी तारीख घेते. आजच दवाखान्यात फोन करते.”

“राहू दे आता. लई लांबची देत्यात. दिसतंय की मला.”

“किती दिसतंय?”



“दिस उगवला का मावळला, तेवढं कळतं.”

फोन ठेवल्यावर अपेक्षानं फाइल उघडली आणि रविवारच्या तारखेपुढं लिहिलं: आप्पांकडं जाणे. लिहून झाल्यावर ती त्या ओळीकडं बघत राहिली, आणि मग तिनं ती पुसून टाकली. श्रेयाचं अंग पुन्हा कोमट लागत होतं. रविवार अजून लांब होता.

आता गंगापूरकडं जाणारं कुणीही भेटलं, की ती एकच सांगते. तुम्हीही त्या बाजूला निघाला असाल, तर तुम्हालाही तिचं तेच सांगणं आहे: मारुतीच्या पारासमोर निळं दार आहे. आत आप्पासाहेब म्हणून हाक मारा. माझं नाव काढू नका. ओळखीच्यांना ते आवाजावरून ओळखतात आणि दिसतंय म्हणून फसवतात, म्हणून अनोळखी माणूसच बरा. ‘बरं आहे का’ असं विचारू नका, ते हो म्हणतील. त्यांच्यापुढं हाताची बोटं धरा, आणि किती आहेत ते विचारा.